किती वाकतो?

घरात दहावीचं मूल असलं की दूधवाल्यापासून आत्येसासूपर्यंत सगळे एकच विचारतात. गुडघा बदलून घरी आलेल्या बाईचंही तेच होतं. फक्त मुलाला वर्षातून एकदा विचारतात, 'किती पडले?' आणि आम्हाला रोज, सकाळ-संध्याकाळ विचारतात, 'किती वाकतो?'

'बरा आहे' हे उत्तर चालत नाही, अंशांतच सांगावं लागतं. नव्वदला पास. खुर्चीवर सुखाने बसून उठायला तेवढा लागतोच. एकशेदहाला फर्स्ट क्लास. एकशेवीस वाकला तर बोर्डात आल्यासारखं. मांडी घालणे हा विषय आमच्या अभ्यासक्रमातून काढूनच टाकला आहे, त्यामुळे त्याचं टेन्शन नाही. आणि पाय सरळ करण्याच्या पेपरात चक्क शून्य मिळवायचं असतं. पाय पूर्ण सरळ झाला की शून्य अंश. शाळेत जे न मागता मिळायचं, त्यासाठी आता दात-ओठ खावे लागतात.

ऑपरेशन ठरायला आमच्याकडे वर्षं गेली, आणि त्याला जबाबदार गुडघा नव्हे, सोसायटी. डोंबिवली पूर्वेची जुनी बिल्डिंग, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 'रिडेव्हलपमेंट होतेयच, लिफ्ट आली की कशाला लागतंय ऑपरेशन?' या आशेवर मी रेलिंग धरून चढत राहिले. मध्यंतरी बिल्डर बदलले, नकाशे बदलले, सेक्रेटरी बदलले. शेवटी बदलण्याजोगा माझा गुडघाच उरला.

मला राजी करायला ह्यांनी थेट पंतप्रधान काढले. "अटलजींनी 2000 साली ब्रीच कँडीत एक गुडघा बदलला, 2001 साली दुसरा. न्यूयॉर्कहून डॉक्टर राणावत आले होते. देश चालवत होते की नाही नंतर?"

मी म्हटलं, देश चालवायला दोन जिने चढावे लागत नाहीत. शिवाय त्यांच्या मदतीला वन्सं राहायला आल्या नव्हत्या.

बहुतेकांना वाटतं की आख्खा गुडघा उपटून काढतात आणि नवा बसवतात. एका बाईंनी तर मला विचारलं, "जुना परत दिला का हो?" तसं काही नसतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग, इथला झिजलेला काही मिलिमीटरचा थर तेवढा कापतात. वरच्या हाडाला कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, खालच्यावर टायटॅनियमची थाळी, मध्ये प्लास्टिकची चकती. आणि हे सगळं सहसा सिमेंटने पक्कं करतात. सिमेंट म्हटल्याबरोबर हे खुर्चीत पुढे सरकले. पीडब्ल्यूडीत हयात गेलेली. "कुठल्या ग्रेडचं?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. हे सिमेंट हाडांसाठीचं वेगळं असतं आणि दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. ह्यांचा अजून विश्वास नाही. जखमेला पाणी लागू द्यायचं नाही, हे ऐकल्यावर तर त्यांना आत काहीतरी घोटाळा असल्याची खात्रीच पटली. पाणी न मारता सिमेंट धरेलच कसं?

हॉस्पिटलमधलं सोडून देते. तिथे गुंगी असते, नर्स असते आणि भेटायच्या वेळा ठरलेल्या असतात. खरी परीक्षा घरी येताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर सुरू झाली.

जिन्याचा नियम मला सोडताना पाठ करून घेतला होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. वाक्य सोपं आहे, पण ते ज्याने बनवलं त्याच्या पेशंटला एक पाय तरी चांगला असणार. माझा डावा ऑपरेशनचा आणि उजवाही झिजलेलाच, फक्त त्याचा नंबर यायचा होता. पहिल्या पायरीशी मी थांबले आणि तिथे परिसंवाद सुरू झाला.

"चांगला म्हणजे नवा ना?" हे म्हणाले. "नवा टाक आधी."

"नवा कसला चांगला? त्याला टाके आहेत!" वन्सं वरच्या मजल्यावरून, कठड्यावरून वाकून.

"माझ्या सासूबाईंना पोराने सरळ उचलून नेलं," तळमजल्याच्या काकूंनी दार किलकिलं करून सांगितलं. माझ्याकडे आणि मग माझ्या भाच्याकडे बघून त्यांनी स्वतःच तो ठराव मागे घेतला.

वॉचमनलाही मत होतं. "मॅडम को जो पैर अच्छा लगे, वही आगे."

तोवर मी एका हाताने रेलिंग आणि दुसऱ्या हाताने भाच्याचा शर्ट धरून उभी. शेवटी फिजिओला फोन लावला. ती म्हणाली, उजवा म्हणजे चांगला. त्या उजव्याला कित्येक वर्षांत कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. तो कौतुकानेच असा काही लटपटला की पहिल्या लँडिंगवर खुर्ची मागवावी लागली. तिथे बसून मी चहा घेतला. येणारे-जाणारे 'किती वाकतो?' विचारून वर जात होते.

फिजिओची मुलगी सकाळी स्कूटरवरून येते. आवाज मधाळ, चेहरा गणपतीत अथर्वशीर्ष म्हणणाऱ्या मुलीचा. तिच्या पर्समध्ये एक पारदर्शक प्लास्टिकचं उपकरण असतं. त्याला गोनिओमीटर म्हणतात, पण आहे ते कंपासपेटीतलं कोनमापकच, फक्त त्याला दोन हात फुटले आहेत. एक हात मांडीला लावायचा, दुसरा नडगीला, आणि आकडा वाचायचा. ती वाचत असते तेव्हा घरात कुणी भांडंसुद्धा वाजवत नाही. हे चष्मा लावून तिच्या खांद्यामागून बघतात. पहिल्यांदा तिने 'अठ्ठावन्न' म्हटलं, तेव्हा ह्यांनी रिचेकिंगला टाकल्यासारखं "पुन्हा एकदा बघा जरा, हे टोक हललं होतं" म्हणून घेतलं. सत्तावन्न आले.

व्यायाम ऐकायला अगदी निरुपद्रवी. घोटा वरखाली करा. मांडी आवळून धरा. पलंगाच्या कडेला बसा, टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घ्या आणि टाच फरशीवरून मागे सरकवा. पिशवीने टाच सुळकन सरकते. आमची पिशवी मिठाईच्या दुकानाची होती. पेढ्यांवर पाय देऊन मी रोज देवाचं नाव घेत होते. टाच यायची तेवढी आली की ती मुलगी म्हणते, "छान काकू, आता इथेच दहापर्यंत धरायचं," आणि वरून हलकेच दाबते. तिचे आकडे पाचपर्यंत बिनचूक असतात. पुढे तिला गप्पा सुचतात. "सहा… काकू, तुमच्याकडे मोदकाला सारण गुळाचंच ना?… सात… आमच्याकडे आई खसखस घालते… सात…" मी म्हटलं, बाई, सात झालं! तर म्हणाली, "हो का? मग सहापासून धरू."

एक तत्त्व मात्र तिने पक्कं शिकवलं. ज्याने बरं वाटतं ते करायचं नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की स्वर्ग वाटतो, म्हणून उशी बंद. तशी सवय लागली तर पाय कायमचा किंचित वाकलेला राहतो. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची, म्हणजे गुडघा अधांतरी लोंबून आपल्या वजनाने सरळ होतो. तेव्हा जे काही होतं त्याला वन्सं 'थोडा ताण' म्हणतात. त्यांचा स्वतःचा गुडघा अजून ओरिजिनल आहे.

रात्रींबद्दल फार लिहीत नाही, रात्री संपता संपत नाहीत एवढं खरं. उताणं झोपायचं आणि पंखा मोजायचा. एकच पंखा, पण तो मी रात्रभर मोजला आहे. दुखणं थांबायच्या गोळ्यांनी दुखणं थोडं थांबतं आणि पोट संपूर्ण थांबतं. मग इसबगोल. इसबगोलवरून ओघाने कमोड आलाच.

आपला नेहमीचा कमोड असल्या गुडघ्याला ठेंगणा पडतो, म्हणून त्यावर बसवायला प्लास्टिकची उंच सीट मिळते. ती आणायला हे स्टेशनजवळ गेले. दुकानदाराने पिशवी दिली नाही, एवढी मोठी पिशवीच त्याच्याकडे नव्हती. रिक्षा मिळेना. त्यामुळे ज्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे अख्खी डोंबिवली नटूनथटून उभी असते, त्याच रस्त्यावरून भर संध्याकाळी हे ती पांढरीशुभ्र सीट खांद्यात अडकवून चालत आले. वाटेत त्यांचे कट्ट्यावरचे चार मित्र भेटले. सगळ्यांनी थांबवून चौकशी केली. कुणी सीटकडे बघितलं नाही आणि बघितलं नाही हे सगळ्यांना दिसत होतं. घरी आल्यावर ह्यांनी ती बसवली, मग स्पिरिट लेव्हल लावून बघितली.

वॉकर आम्ही विकत घेतला नाही, आमच्या बिल्डिंगमध्ये एक फिरता वॉकर आहे. मूळ कुणाचा ते आता कुणालाच आठवत नाही. दांड्यावर कुणीतरी हनुमानाचं स्टिकर लावलंय, त्याखाली कुणाच्या तरी नातवाने पेनने कोरलेला पाढा आहे, आणि एका पायाचं रबर गेलेलं. त्यामुळे तो चालताना खट्-खट्-खट्-ठण्ण असा वाजतो. याचा मोठा तोटा म्हणजे मला स्वतःच्याच घरात कुठे अचानक पोचता येईना. स्वयंपाकघरात वन्सं आणि हे काहीतरी हळू आवाजात बोलत असायचे. मी पलंगावरून उठून निघायची. ठण्ण झालं की आतलं बोलणं बंद. ओट्यापाशी पोचेपर्यंत पातेल्यावर झाकण, झाकणावर चिमटा आणि दोघांच्या चेहऱ्यावर हसू. माझा पुरणाचा टोप कुठल्या कामाला वापरला गेला, ते मला अजून कळलेलं नाही.

भेटायला येणाऱ्यांचा एक अलिखित क्रम असतो. आधी शहाळं ठेवायचं, मग 'किती वाकतो?', आणि आपला आकडा ऐकला की लगेच दुसऱ्या कुणाचा तरी मोठा आकडा सांगायचा. "आमच्या विहीणबाईंचा दहाव्या दिवशी एकशेपंधरा!" या विहीणबाई मी पाहिलेल्या नाहीत, पण ज्या वर्गात माझी मुलं शिकली त्या प्रत्येक वर्गात त्यांचा मुलगा असणार. मग उपाय. निर्गुडीचा पाला बांधा, कांडवेलीची चटणी खा, डिंकाचे लाडू तर हवेतच. मावशींनी आयुर्वेदिक तेलाची बाटली आणली. टाक्यांवर तेल लावायचं नसतं हे त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, मग आजूबाजूने लाव, झिरपेल. आत कोबाल्ट-क्रोमियम आहे हो, मी म्हटलं. "असू दे की, बिजागरीला नाही का तेल घालत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

समोरच्या काकूंचं दुखणं निराळं. त्यांनी 2016 साली दोन्ही गुडघे बदलले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2017मध्ये, सरकारने या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. दीड लाखाच्या आसपास जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा साधा गुडघा एकदम 54,720 रुपये अधिक जीएसटीवर आला. काकू हे विसरलेल्या नाहीत. माझ्या पायाकडे प्रेमाने बघत म्हणाल्या, "छान आहे तुमचा. स्वस्तात झालं. आमचे तेव्हाचे आहेत, जुन्या भावाचे." साडीच्या पोताबद्दल बोलतात तसं बोलल्या. नंतर आमच्या दारातून स्वतःच्या दारात जाताना जरा ताठ चालल्या असं मला वाटलं. टक्-टक् आवाजही आला, म्हणजे जुन्या भावाचेही वाजतातच. धातू-प्लास्टिकचा असा आवाज येऊ शकतो, काळजी करू नका, असं मला आधीच सांगितलेलं होतं.

याच सुमारास मटारचं प्रकरण झालं. शेकायला बर्फ हवा असतो, पण जेलपॅक दगडासारखा होऊन बसतो. मग भाच्याने शक्कल सांगितली: गोठवलेल्या मटारची पिशवी. ती गुडघ्यावर मस्त बसते, चहूबाजूंनी थंड करते. ती पिशवी दिवसातून कितीदा तरी फ्रीझरमधून गुडघ्यावर आणि गुडघ्यावरून फ्रीझरमध्ये जायची. ओळखायला मी तिला लाल रबरबँड लावला होता. एका संध्याकाळी डॉक्टरांकडून टाके काढून आलो. टाके म्हणजे स्टेपलरच्या पिना, त्या एकेक काढताना 'कट्' असं ऐकू येतं. सगळ्यांनाच भूक लागलेली. वन्संनी मटारची उसळ आणि पोळ्या केल्या होत्या. उसळ उत्तम झाली होती. हे दोनदा वाढून घेत म्हणाले, "ताई, मटार किती मऊ शिजलाय!" वन्सं म्हणाल्या, "अरे, आधीच नरम पडला होता." लाल रबरबँड त्यांच्या मनगटात होता. मी काही बोलले नाही, लिंबू मागून घेतलं.

आता मी काठीवर आले आहे. परवा एकशेचार भरले. ह्यांनी ते कट्ट्यावर एकशेपाच सांगितले. वन्सं पुढच्या आठवड्यात जाणार आहेत, असं त्या गेला महिनाभर म्हणताहेत. वॉकर मोकळा झालाय आणि ए विंगमधून निरोपही आलाय, तिथल्या आजींचं ऑपरेशन सोमवारी आहे. पण तो बाल्कनीतल्या कोपऱ्यात इतका बरोबर बसतो की ह्यांचे दोन टॉवेल, तीन बनियन आणि वन्संचा परकर त्यावर एकदम वाळतात. मी आठवण केली, तर हे म्हणाले, "सोमवारी ऑपरेशन आहे ना? मग त्या बुधवारशिवाय उभ्या राहत नाहीत. मंगळवारचे कपडे वाळू देत."