चौदा सेकंदांचा गुरू

"डावा पाय कुठे होता तुमचा?" काल हे विचारणाऱ्या गृहस्थांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती आणि पाय ठणठणीत कोरडे होते. माझ्या नाकातून अजून समुद्र गळत होता.

सर्फिंग सुधारावं म्हणून मी तीन पुस्तकं आणली; व्हिडिओंची तर मोजदादच नाही. पुस्तकात पहिल्या चित्रात माणूस बोर्डवर पालथा, दुसऱ्यात उभा. मध्ये एक बाण. मी गेले कित्येक महिने त्या बाणात अडकलोय. व्हिडिओत हीच उडी स्लो मोशनमध्ये दाखवतात. स्लो मोशनमध्ये मीही उठतो हो. समुद्राला ते बटण नाही.

तर गृहस्थ. त्यांनी मोबाइल माझ्या नाकाखाली धरला. मी पडतानाचा 14 सेकंदांचा व्हिडिओ, कोपऱ्यात त्यांचा अंगठा.

"इथे तुम्ही उठताय."

"हो."

"नाही. नीट बघा. गुडघ्यावर आहात. नवस बोलल्यासारखे."

"लाट लवकर फुटली."

"लाट तिच्या वेळेवर फुटते. तुम्ही उशिरा निघता. आणि बघताय कुठे? खाली! खाली काय आहे?"

"बोर्ड."

"तो कुठे पळून जाणारे? दोरी बांधलीय ना पायाला!"

मी घुश्शात विचारलं, "तुम्ही किती वर्षं करताय सर्फिंग?"

"छे! मला पोहताच येत नाही."

त्यांनी तो व्हिडिओ चार वेळा चालवला. तिसऱ्यांदा माझी पाठ मोठी करून. मग मागे वळून हाक मारली, "अगं, ये ना! हेच ते!" हेच ते! म्हणजे घरात माझी चर्चा आधीच झालेली होती.

मीही एक बाण सोडला. म्हटलं, डावा पाय मागेच असणार, मी गूफी आहे. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला सर्फिंगमध्ये गूफी म्हणतात आणि डावा ठेवणाऱ्याला रेग्युलर. गृहस्थांनी बायकोला सांगितलं, "हे गूफी आहेत म्हणे." त्या म्हणाल्या, "दिसतंय."

या गूफीपायीच माझे तीन आठवडे गेले. माझ्या वाट्याचे सगळे शिक्षक रेग्युलर. त्यांचं बघून मी चुकीचा पाय घोटवत बसलो. हवाईच्या ड्यूक कहानामोकूने 1912 साली ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकलं आणि पुढे सर्फिंग जगभर नेलं. भाग्यवान माणूस. लाकडी फळीवर उभा राहायचा आणि कुणी त्याला 'आधी सबस्क्राइब करा' म्हणायचं नाही.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. हे व्हिडिओ ज्यांना जमतं त्यांनी ज्यांना जमतं त्यांच्यासाठी काढलेत. पाण्यात माझा बहुतेक वेळ हात मारण्यात आणि वाट बघण्यात जातो. त्याला तिथे वीस सेकंद, बाकी संगीत. 'या पाच चुका टाळा' म्हणतात. मी पाचही करतो, सहावी त्यांना ठाऊक नाही. कामाचं निघालं ते सगळ्यात कंटाळवाणं पुस्तक, जे मी दहा पानांवर टाकून दिलं होतं. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा वारा लाट उभी धरून ठेवतो. उंची तीच असली तरी दोन लाटांमधले सेकंद वाढले की लाटेतला जोर वाढतो. समुद्रात आत खेचणाऱ्या ओढीच्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा. उडी मारणाऱ्याचा एकही फोटो नाही. म्हणून टाकलं.

आणि दुसरं कामाचं म्हणजे ते 14 सेकंद. मी खाली बघतो. महिनोन् महिने खालीच बघत होतो, हे मला पोहता न येणाऱ्या माणसाने सांगावं! व्हिडिओ पाठवा म्हणालो, दात-ओठ खाऊन.

"पाठवतो. उद्या येणार ना? आज उजेड मागून होता, तुमचा चेहरा नीट आला नाही."