मेंटोनला महापौर नाही!

मेंटोन या अमेरिकेतल्या चिमुकल्या वस्तीवरच्या एका लेखात तिला ‘शहर’ म्हटलंय, ते चूक. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हे मुख्यालय असलं तरी इथे नगरपालिकाच नाही. कारभार काउंटी जज आणि चार कमिशनर बघतात. (हा ‘जज’ म्हणजे मुख्यतः प्रशासक.) २०२० च्या जनगणनेत मेंटोन २२, अख्खी काउंटी ६४ माणसांची. दहा हजारांखालच्या काउंटीत सहसा शेरीफच (काउंटीचा पोलीसप्रमुख) करवसुली करतो, त्यामुळे इतक्या कमी माणसांतही पदं भरणं जमतं. पैसाही खनिज तेलामुळे मुबलक. खरं अडतं ज्युरीपाशी, म्हणजे खटल्यात दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापाशी. डिस्ट्रिक्ट कोर्टातल्या फौजदारी खटल्याला काउंटीतलेच बारा जण लागतात. अल्पवयीन, आरोपीचे नातलग, साक्षीदार वगळले की उरतात किती? शाळेसाठीही पोरं शेजारच्या काउंटीतल्या विंकला जातात.