चार घोडे, चार महिने

गाडी बनवणारी कंपनी इंजिनाला श्वास घ्यायला एक काळा, बोजड, प्लास्टिकचा डबा देते. दिसायला अगदीच बावळट. पण त्याचं तोंड कुठे आहे ते बघा. बहुतेक गाड्यांत ते बॉनेटच्या कुलपाच्या आसपास असतं, म्हणजे पाणी तिथे पोचायच्या आत तुमच्या सीटवर येऊन बसलेलं असेल. चुकारपणे आत शिरलेलं पाणी निथळून जावं म्हणून डब्याच्या तळाला एक बारीक भोक असतं. आत घड्यांचा कागदी फिल्टर, मळला की फेकायचा. कुणीतरी शहाण्या माणसाने पावसाचा विचार करून ठेवलेली ही वस्तू आम्ही हौशी लोक सगळ्यात आधी काढतो आणि माळ्यावर टाकतो.

तिच्या जागी येते ॲल्युमिनियमची चकचकीत नळी आणि नळीच्या टोकाला लाल, उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर. मिळकत विचाराल तर बाराशे सीसीच्या साध्या पेट्रोल गाडीत फार तर तीन-चार घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, आणि तेही आरपीएमचा काटा सहा हजारांच्या घरात गेल्यावर. पुण्यात कर्वे रोडवर तो तिथे कधी जातो, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. बाकी मिळतो तो आवाज. पाय दाबला की गाडी हुंकारते आणि मालक कृतार्थ होतो. ऑक्टोबर ते मे सगळं गोडीगुलाबीचं. जून उजाडला की नाकापेक्षा मोती जड.

दुखणं आहे ते उंचीचं. शंकू बसवायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली शॉर्ट रॅम, म्हणजे बॉनेटखालीच, जुन्या डब्याच्या जागी. इथे शंकू इंजिनाची गरम हवा ओढतो, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये ते तीन-चार घोडेही तबेल्यात परततात, पण निदान कोरडे परततात. दुसरी कोल्ड एअर. यात नळी खाली वळवून शंकू बंपरच्या कोपऱ्यात, फॉगलॅम्पच्या मागे, चाकाला जवळजवळ खेटून बसवतात. हवा थंड मिळते हे खरं. पण टेप लावून मोजा, शंकूची खालची कड जमिनीपासून जेमतेम फूटभर भरेल. अंधेरी सबवेत तेवढं पाणी साचायला फार मोठा पाऊस लागत नाही, आणि समोरून येणारी बस जी लाट उसळवते ती त्याच्याही वर चढते. म्हणून माझं मत सरळ आहे: कोल्ड एअर असेल तर जून ते सप्टेंबर शंकू माळ्यावर आणि डबा गाडीत. दहाचा पाना, स्क्रूड्रायव्हर आणि एक निवांत सकाळ, एवढंच लागतं.

पटत नसेल तर गणित करा. १२०० सीसीचे चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी ३००. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडर हवा किती पट दाबतो ते प्रमाण, १० धरला तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरलेली जागा ३३ मिली. स्वयंपाकघरातले दोन मोठे चमचे. हवा दबते, पाणी दबत नाही. त्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टन अर्ध्या वाटेत अडतो, बाकीचं इंजिन मात्र आपल्या वेगात फिरत असतं, आणि मधल्या मधे पिस्टनला ढकलणारा दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. डिझेलमध्ये रेशो १७ च्या आसपास असेल तर तेवढ्याच सिलिंडरला १९ मिलीही पुरेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माळ्यावरचा डबाही कामाचा नव्हता; ते सोडा. मी बोलतोय ते दर आठवड्याच्या घोटाभर-गुडघाभर पाण्याबद्दल.

शंकू ठेवायचाच असा हट्ट असेल तर त्याला रेनकोट हवा. दुकानात प्री-फिल्टर किंवा फिल्टर सॉक म्हणून मागा. पॉलिस्टरचं बारीक विणीचं कापड, त्यावर पाणी न धरणारा लेप. घेताना शंकूच्या बुडाचा व्यास, टोकाचा व्यास आणि उंची अशी तिन्ही मापं न्या. सैल असेल तर कापड फडफडतं, फार घट्ट असेल तर फिल्टरच्या घड्यांना चिकटून श्वास कोंडतं. त्याला तेल कधीही लावायचं नाही. लेप शिल्लक आहे का हे कळायला वर चमचाभर पाणी टाका. थेंब गोल राहून घरंगळले तर ठीक. पसरून गडद डाग उमटला तर त्या रेनकोटाची जागा आता पायपुसण्यात. आणि हा रेनकोट शिंतोड्यांपुरता. शंकू बुडाला की कापड हरतं, कारण पलीकडून इंजिन अख्ख्या ताकदीने ओढत असतं. याच कारणासाठी प्लास्टिकची पिशवी आणि शॉवर कॅप हे दोन घरगुती उपाय विसरा. इंजिन त्यांना घड्यांवर ओढून घेतं आणि गाडी सिग्नलला माना टाकते.

शॉवर कॅपपेक्षा उपयोगी गोष्ट चाकाच्या कमानीत आहे. तिथलं काळं लायनर नळी घालताना कापतात आणि तसंच सोडून देतात, मग टायर थेट शंकूवर चिखल मारतो. ते भगदाड रबरशीटचा तुकडा रिव्हेट करून बुजवा. खालची बाजू मात्र उघडीच ठेवा. ती बंद केलीत तर पाण्याची टाकी तयार होईल आणि तुमचा शंकू तिच्यात.

आता धुणं. शंकू तेल लावलेल्या कापडाचा असेल तर तो मेअखेर धुवावा आणि शक्य तर पावसात त्याच्या वाटेला जाऊ नये. आधी हलक्या हाताने आपटून सुटी धूळ झाडा. त्याचाच क्लीनर दोन्ही बाजूंनी फवारा, दहा मिनिटं थांबा, वाळू देऊ नका. मग नळाच्या मंद धारेखाली आतून बाहेर धुवा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने जाईल. प्रेशर गन नको, आणि गॅरेजमधला पोरगा रॉकेलचा डबा घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खरा छळ पुढे आहे. हेअर ड्रायर नाही, कॉम्प्रेसरची हवा नाही, ऊन तर नाहीच, असलं तरी. फिल्टर आपणहून वाळला पाहिजे. एरवी एक दिवस पुरतो. जुलैत, जिथे बनियन तीन दिवस दोरीवर दमट लोंबकळतो, तिथे घड्यांच्या तळातला ओलावा पंख्याखालीही दोन दिवस हटत नाही. घाई करून तेल लावलंत तर ओल्या जागी ते मुरत नाही आणि फिकट पट्टे राहतात. प्रत्येक घडीच्या शिरेवरून एकदाच, बारीक धारेने तेल सोडायचं, वीस मिनिटं थांबायचं, फिकट राहिलेल्या जागी थेंबभर. बस्स.

‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा फोडणीचा न्याय इथे चालत नाही. जादा तेल पुढच्या एमएएफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) तापलेल्या तारेवर बसतं, त्यावर धूळ चिकटते, हवा किती आली याचा हिशेब चुकतो. मग आयडलिंगला गाडी हेलकावे खाते, मायलेज पडतं आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. ती तार फक्त एमएएफ क्लीनरच्या फवाऱ्याने धुवायची, बोट किंवा कापूस लावायचा नाही, पूर्ण वाळल्यावरच जोडायची. ज्यांच्या गाडीत एमएएफऐवजी मॅप, म्हणजे हवेचा दाब मोजणारा, सेन्सर आहे ते या परिच्छेदापुरते सुखी. आणि क्लिपा तपासा: नळी जोडणारी सिलिकॉनची बाही सरकून फट पडली तर फिल्टर चुकवून ओली धूळ थेट आत जाते.

पाणी दिसलंच तर पहिला गिअर, माणसाच्या चालीने, एका लयीत. समोरचा ट्रक जाईपर्यंत थांबा. मध्येच गाडी बंद पडली तर किल्लीवरचा हात काढा. पुष्कळ इंजिनं पाण्याने मरत नाहीत, ‘एकदा मारून बघू’ने मरतात. गाडी ढकलून बाजूला घ्या, शंकू आणि नळी उघडून आत बोट फिरवा. ओलं लागलं तर टो करा. गॅरेजमध्ये आधी स्पार्क प्लग काढून, इंधन बंद करून, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, पान्याने हाताने फिरवला पाहिजे. पाणी प्लगच्या भोकांतून कारंज्यासारखं निघतं.

राहिला विमा. साध्या पॉलिसीत पाण्याने अडकलेल्या इंजिनाचा खर्च सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. तेही घेतलं, पण शंकूबद्दल कंपनीला कळवलेलं नसलं, तर सर्व्हेअर बॉनेट उघडताक्षणी त्याला लाल रंगात हवं ते कारण मिळतं. तेव्हा लेखी कळवा, पॉलिसीवर नोंद करून घ्या आणि त्या नोंदीची प्रत गाडीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पिशवीचा या सगळ्यात तेवढाच रास्त उपयोग आहे.