कोसला वाचलीत ना, मग आता धग पण वाचा

मागच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये कादंबऱ्यांवरून बोलणं चाललं होतं. आमच्या ग्रुपमध्ये पाचसहा जण खरंच वाचणारे आहेत आणि मला ते फार आवडतं, फार्मसीची प्रॅक्टिकल्स, जर्नल, सबमिशन यातून वेळ काढून कोणी वाचतंय म्हणजे साधी गोष्ट नाही. भालचंद्र नेमाड्यांच्या कोसलावर अर्धा तास झाला. मग मी विचारलं उद्धव शेळक्यांची धग कोणी वाचलीय का, तर एकाने नाव ऐकलेलं आणि एकीने पंचवीसेक पानं वाचून सोडून दिलेली. का, तर संवाद वऱ्हाडीत आहेत, कळत नाहीत, फ्लो तुटतो. तेव्हा मी काहीच बोलले नाही, पण डोक्यातून ते जातच नाहीये म्हणून आता इथे लिहितेय, मोठं होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

मी अकोला जिल्ह्यातली. आमच्या गावात वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली आणि दोन कपाटं, त्यातलं एक तर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनीच भरलेलं. अकरावीत तिथून शिवाजी सावंतांची मृत्युंजय आणली, कर्णावरची कादंबरी. आमच्याकडे जो वाचायला लागतो तो बहुतेक मृत्युंजयपासूनच लागतो. खूप रडले कर्णासाठी. आणि कर्ण स्वतः, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण हे सगळे आपापल्या तोंडाने सांगतात, एकच माणूस सहा जणांच्या तोंडून ऐकला की सहा तऱ्हेचा दिसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मागच्या दिवाळीत परत वाचायला घेतली तर शंभर पानांवर थांबले, भाषा फार सजवलेली वाटायला लागली. पण ज्या पुस्तकाने मला वाचायला लावलं त्याला मी नावं ठेवणार नाही.

पुण्यात आल्यावर जो तो म्हणे कोसला वाच, कोसला वाच. पहिल्या वर्षी साठ पानांवर सोडली, त्यात सारखं येणारं उदाहरणार्थ आणि वगैरे नकोसं व्हायचं. नंतर दुसऱ्या वर्षात माझे दोन विषय राहिले, त्या दिवसांत परत काढली आणि तीन दिवसांत संपवली. खानदेशातल्या खेड्यातून वडलांच्या पैशावर पुण्यात शिकायला आलेला पोरगा, होस्टेलवर राहणारा, मेसचा कारभार अंगावर घेणारा, आणि मग एकेक करून सगळंच हातातून सुटत जाणारा. माझे बाबा सोयाबीन विकलं की पैसे पाठवतात, बँकेचा मेसेज येतो, आणि तो मेसेज बघून माझ्या पोटात जे होतं ना ते त्या पुस्तकात आहे. आणि मनी. त्याची एवढीशी बहीण, देवीच्या रोगाने जाते. ते वाचून मी होस्टेलच्या जिन्यात जाऊन बसले होते, खोलीत बसवेना.

पण एक गोष्ट मला कोसलात सलते आणि ती मी कुणी बोललेली ऐकली नाही. पांडुरंगचं, म्हणजे त्या पोराचं, शिक्षण फसतं, पैसे जातात, तो परत गावाला येतो. वडलांशी पटत नाही, पण घर असतं, जेवण असतं, तो गावभर हिंडू शकतो, विचार करत बसू शकतो. माझ्याबरोबर बारावी झालेल्या दोघी पहिल्या वर्षाला नापास झाल्या आणि सहा महिन्यांच्या आत दोघींची लग्नं उरकली. त्यांना हिंडून विचार करायला कोणी वेळ दिला नाही. यात नेमाड्यांचं चुकलं असं मी म्हणत नाहीये, त्यांनी त्या पोराचं लिहिलं आणि अस्सल लिहिलं. मला फक्त वाचताना सारखं वाटत राहतं की मनी जगली असती तर तिला पुण्याला शिकायला धाडलं असतं का.

मिलिंद बोकिलांची शाळा ही कादंबरी एका रात्रीत वाचली, आणीबाणीच्या दिवसांतली नववीची पोरं, खूपच आवडली. पण तिथेही सगळं मुकुंदाच्या डोळ्यांनी. त्याला आवडणाऱ्या शिरोडकरला काय वाटत होतं ते मला अजून हवंय.

तर हे सगळं मनात असताना धग हातात आली. उद्धव शेळके, १९६०. म्हणजे कोसलाच्या तीन वर्षं आधीची. लायब्ररीच्या कार्डावर नाव लिहायला गेले तर माझ्या आधीची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती, तेव्हाच वाईट वाटलं.

कौतिक नावाची बाई आहे. नवरा महादेव, शिंपी, पण कामात मन लावून बसेल तर शपथ, आणि पुढे त्यालाच महारोग होतो. घरात पोरं, त्यातलाच एक नामा. आणि कौतिक राबतेय. गोष्ट एवढीच आहे म्हटलं तरी चालेल. पण उद्या चुलीवर काय शिजवायचं, पोराला शाळेत कसं टिकवायचं, कोणाकडून काय उसनं मागायचं आणि मागताना मान कशी ठेवायची, यावर अख्खी कादंबरी उभी राहते आणि एक पान सैल पडत नाही. लोक म्हणतात फार दुःखी पुस्तक आहे. आहेच. पण कौतिक नुसती रडत बसलेली नाहीये, ती भांडते, टोमणे मारते, परत उठते, परत हिशोब जुळवते, ती थकली की तुम्हाला अंगात थकवा येतो इतकं जवळून लिहिलंय.

आता भाषेचं. खरं सांगते, पहिली दहा पानं मलाही जड गेली, आणि मी घरी वऱ्हाडीच बोलते! कारण छापलेली वऱ्हाडी मी कधी बघितलीच नव्हती. टीव्हीवर ऐकली ती कोणाला तरी हसवण्यासाठी घातलेली. मग रात्री पांघरुणात मोबाईलच्या उजेडात, रूममेट झोपलेली म्हणून आवाज न करता नुसते ओठ हलवून संवाद वाचायला लागले, आणि तिसऱ्या चौथ्या वाक्याला सगळं जागेवर बसलं. माझी आजी बोलतेय असं वाटलं. पहिल्या वर्षी मेसमध्ये मी "मले एक पोळी" म्हणाले होते आणि अख्खं टेबल हसलं होतं. वाईट मनाने नव्हते हसले ते, पण दुसऱ्या दिवसापासून मी "मला" म्हणायला लागले आणि दोनतीन महिन्यांत "काय करून राहिली" हे माझ्या तोंडातून गेलंच. त्या रात्री पांघरुणात ते परत आलं.

म्हणून "कळत नाही" हे मला पटत नाही. आम्ही वऱ्हाडातली पोरं पहिलीपासून जी मराठी वाचतो ती आमच्या घरात कोणीच बोलत नाही, आमचाही फ्लो तुटतच असेल ना, पण आम्ही शिकलो, त्यातच पेपर लिहिले, मार्क काढले. कोसला कळायला मला दोन वर्षं लागली आणि तेव्हा सगळ्यांनी सांगितलं की थांब, परत वाच, मोठं पुस्तक आहे. अगदी बरोबर सांगितलं. मग धगला तेवढाच धीर का नाही? कान बसायला पंचवीस नाही, चाळीस पानं लागतील, तेवढी द्या. मोठ्याने वाचा पाहिजे तर. आणि एखादा शब्द अडलाच तर वर्गात विदर्भातलं कोणी ना कोणी असतंच, त्याला विचारा, त्याला किती बरं वाटेल तुम्हाला कल्पना नाही.

मी संपवली आणि आता परत पहिल्यापासून वाचतेय, या वेळी आईला फोनवर वाचून दाखवते. आई सातवीपर्यंत शिकलेली, कादंबरी तिने आयुष्यात वाचली नाही. रात्री जेवणं झाली की ती स्पीकर लावून तुरी निवडत बसते आणि मी वाचते. पहिल्या दिवशी पाच मिनिटं ऐकलं आणि मला थांबवलं, म्हणे "असं नाई म्हनत पोरी, तू पुन्यासारखी बोलून राहिली." आणि तेच वाक्य तिने म्हणून दाखवलं. हेल वेगळा, शेवटचा शब्द कुठे सोडायचा ते वेगळं. आता मी वाचते, चुकलं की ती सुधारते, आणि मी तिच्यामागून परत म्हणते. महादेवाचा तिला भयंकर राग आहे, तो आला की तुरीचं सूप जोरात आपटल्याचा आवाज येतो. परवा मध्येच विचारलं, "हे बाई खरीच होती काय वो?" मी म्हटलं माहीत नाही, असेल कोणीतरी. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग मला कधीच न सांगितलेलं तिच्या मोठ्या मावशीचं सांगायला लागली, पाऊण तास.

काल माझी व्हायवा होती म्हणून वाचन झालं नाही. सकाळी सहालाच आईचा फोन, व्हायवा कशी गेली, जेवलीस का काही नाही, पहिलं वाक्य, "मंग त्या नामाचं काय झालं?"