डिटॉक्सची बाटली घेण्याआधी शिसं घरात कुठून येतंय ते बघा

शरीरातले जड धातू, म्हणजे शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक वगैरे, बाहेर काढून देतो, असं सांगणाऱ्या जाहिराती हल्ली माझ्या फोनवर रोज येतात. तळपायाला लावायच्या पट्ट्या, हिरव्या पावडरी, कोथिंबिरीचा अर्क, क्लिनिकमध्ये आडवं पडून घ्यायचं सलाइन. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी ती जाहिरात टाकतं आणि मला विचारलं जातं, "मावशी, तू लॅबमध्ये होतीस ना, हे घेऊ का?" माझं उत्तर नेहमी एकच असतं: घेऊ नकोस. मात्र धातूंची भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणत नाही. भीती अगदी खरी आहे. इलाज भलतीकडे शोधला जातोय आणि त्यात लोकांचे पैसे चाललेत, म्हणून आज हे सविस्तर लिहितेय.

परळच्या एका लॅबमध्ये माझी सगळी नोकरी सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा (स्लाइड) बघण्यात गेली. शिशाची बाधा खूप वाढली की तांबड्या पेशींमध्ये बारीक निळे ठिपके दिसू लागतात, कारण हिमोग्लोबिन बनण्याच्या कामातच शिसं खोडा घालतं. सोबत पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ. पण ही झाली मोठ्या माणसांची आणि बऱ्याच पुढे गेलेली लक्षणं. लहान मुलांचं नुकसान याच्या कितीतरी आधी होऊन जातं. बुद्ध्यांक थोडा घसरतो, लक्ष टिकत नाही, चिडचिड वाढते. बाहेरून काहीच दिसत नाही. घरचे म्हणतात पोरगं हूड आहे, शाळा म्हणते अभ्यासात मन नाही. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसं दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असल्याचा अंदाज आहे, आणि त्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा आहे.

आपल्या मुंबईचे आकडेही आहेत. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं गेलं. त्यातल्या हजारावर मुलांची आकडेवारी पुढे अभ्यासकांनी तपासली, तेव्हा ७६ टक्के मुलं ५ ते २० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान निघाली. आज अमेरिकेत साडेतीन मायक्रोग्रॅमवर डॉक्टर सावध होतात. त्या काळी पेट्रोलमध्येच शिसं मिसळलेलं असायचं. २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल सक्तीचं झालं आणि प्रत्येक मुंबईकराच्या श्वासातून जाणारं शिसं घटलं. कुणाला काही प्यावं लागलं नाही, पट्टी लावावी लागली नाही. धातूंच्या बाबतीत खरा इलाज असा असतो.

उरलेले स्रोत शोधणं जास्त कष्टाचं आहे, कारण ते घराघरांत विखुरलेत.

पहिला म्हणजे जुना ऑइलपेंट. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ चा. प्रत्यक्षात लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींमधल्या दारांवर, खिडक्यांवर, कठड्यांवर त्याआधीच्या रंगांचे थरावर थर आहेत. गणपतीच्या आधी रंगकाम निघतं. रंगारी कोरडा पॉलिश पेपर मारतो, खोलीभर पिठासारखी धूळ उडते आणि त्याच खोलीत रांगणारं मूल असतं. मूल हात जमिनीवर टेकतं आणि तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसं साधारण दहावा हिस्सा शोषतात, लहान मुलं जवळजवळ निम्मं शोषतात. म्हणून घासकाम चालू असताना मुलांना आणि गरोदर बाईला दुसरीकडे पाठवा, पृष्ठभाग ओला करूनच घासायला लावा, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने दोनतीनदा पुसून घ्या. रंगाऱ्यालाही चांगला मास्क द्या, तो वर्षभर हीच धूळ खातो.

मग स्वयंपाकघर आणि देवघर. हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळण्याचा प्रकार बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी उघड केला. सरकारने बाजारात धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केला, आणि दोन वर्षांत तिथल्या बाजारातली शिशाची हळद जवळपास नाहीशी झाली. भेसळ आपल्याकडेही सापडलेली आहे, तेव्हा सुटी, भडक पिवळी हळद नकोच. पितळेच्या भांड्यांची आवड परत आलीय, मला ती आवडतेही, पण कल्हई शुद्ध कथलाची हवी. त्यात शिसं मिसळलं तर आंबट आमटीबरोबर ते पानात येतं. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. मारुतीला लावा, बाळाच्या कपाळाला लावू नका आणि हात धुवा. सुरमा बऱ्याचदा शिशाच्या खनिजाचा असतो. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तो घालूच नका. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे. पण २००४ मध्ये बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं, हेही विसरता येत नाही. घटकांची चिठ्ठी (लेबल) नसलेली भस्मं आणि नाव नसलेल्या पुड्या कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका.

गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका तरुणीची, तिच्या आईची आणि बहिणीची बातमी आली होती. तिघींच्या किडन्यांना सूज. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेचा रंग बनण्याची क्रिया रोखतो म्हणून चेहरा उजळतो, आणि तोच पारा त्वचेतून आत शिरून किडनीची चाळणी बिघडवतो. आपल्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांत मुद्दाम पारा घालायला बंदी आहे. ज्या डबीवर घटक लिहिलेले नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही आणि जिने आठवड्यात फरक पडतो, ती डबी फेकून द्या. लग्नाच्या वयाच्या मुलींना ही क्रीम आणून देणाऱ्या आत्या-मावश्यांना माझी हात जोडून विनंती आहे.

मासे सोडायला मी सांगणार नाही. पारा मोठ्या, जास्त जगणाऱ्या, दुसरे मासे खाणाऱ्या माशांत साठतो. आमच्याकडे बाळंतिणीला मोरी खायला घालतात, तिथे मात्र हात आखडता घ्या; मोरी म्हणजे शार्क. मांदेली, बोंबील, बांगडा, तारली खुशाल खा.

पण सगळ्यांत जास्त बाधा आपल्यापैकी फेसबुकवर डिटॉक्स शोधणाऱ्यांना नाही. ती कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यांत जुने सर्किट बोर्ड तापवून सुटे भाग काढणाऱ्या मुलांना आहे. जुन्या डागकामात शिसं असतंच. बॅटऱ्या फोडणाऱ्यांना आहे, वायरी जाळून तांबं काढणाऱ्यांना आहे. झवेरी बाजाराच्या मागच्या कोंदट माळ्यांवर ज्यांनी दागिन्यांना केडीएमचे, म्हणजे कॅडमियम मिसळलेल्या डागाचे, सांधे जोडले, त्यांच्या छातीत कॅडमियमची वाफ गेलीय आणि कॅडमियम किडनीत दहा दहा, वीस वीस वर्षं मुक्काम करतं. हा कामगार त्याच कपड्यांत घरी जातो, लेकराला उचलून घेतो, आणि कारखान्यातलं शिसं दहा बाय दहाच्या खोलीत पोचतं. कामाच्या जागी कपडे बदलायची सोय, हातपाय धुवायला पाणी, वाफ खेचणारा पंखा, जेवायला वेगळी जागा. मालकाला हे फार महाग पडणारं नाही.

आता उपाय. आहारातला खराखुरा उपाय लोह आणि कॅल्शियम. लोह कमी असेल तर आतडं शिसं जास्त शोषतं, कॅल्शियम कमी असेल तरी तेच. रिकाम्या पोटीही शिसं जास्त शोषलं जातं. त्यामुळे मुलाला सकाळी पोटभर खायला घालणं, नाचणी, दूध, पालेभाजीवर लिंबू, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घेणं, यात चमत्कार नाही, पण उपयोग आहे. गरोदरपणात हे आणखी महत्त्वाचं, कारण हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसं त्या काळात रक्तात उतरतं. कोथिंबीर चवीसाठी खा. तिने धातू निघतात याला माणसांवरचा भरवशाचा पुरावा नाही.

धातू पकडून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं आहेत आणि तीव्र विषबाधेत ती जीव वाचवतात. पण ती रुग्णालयात, रक्त तपासून, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायची. अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान ईडीटीए या अशाच एका औषधाचा चुकीचा प्रकार दिल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम कोसळून मृत्यू झालेत, त्यात लहान मुलंही होती. आणखी एक गोष्ट २००१ मध्ये सिद्ध झाली. ७८० मुलांवरच्या चाचणीत अशाच धातू पकडणाऱ्या औषधाने रक्तातलं शिसं उतरलं, पण मुलांच्या बुद्धीत काही फरक पडला नाही. गेलेलं परत येत नाही. नळ चालू ठेवून लादी पुसत बसण्यात अर्थ नसतो.

तपासणीतही फसवणूक होते. आधी धातू पकडणारं औषध द्यायचं, मग लघवी तपासायची आणि वाढलेला आकडा दाखवून घाबरवायचं. औषधानंतर तो आकडा निरोगी माणसाचाही वाढतोच. शिशासाठी शिरेतून घेतलेलं रक्त तपासा. आर्सेनिकसाठी लघवी द्यायची असेल तर आधीचे तीनचार दिवस मासे, कोळंबी, चिंबोऱ्या बंद ठेवा, नाहीतर माशांतलं निरुपद्रवी आर्सेनिक मोजलं जाऊन उगाच घाबरगुंडी उडेल.

माझी मागणी एकच आहे. भंगार, बॅटरी, दागिन्यांची कामं चालतात त्या वस्त्यांमधल्या अंगणवाडीत एखाद्या मुलाचं हिमोग्लोबिन कमी निघालं, तर गोळ्यांबरोबर एकदा रक्तातलं शिसंही तपासलं जावं, आणि ते जास्त निघालं तर कुणीतरी त्या घरी जाऊन ते कुठून येतं ते शोधावं. आमच्या वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांना मी तसं पत्र लिहिलंय. तुमच्या वॉर्डात द्यायला मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये वॉर्डचं नाव टाका, मी पाठवते.