कानाला धक्का न लावता आयईएलटीएस

परदेशी जायचं ठरलं ना? मग आता मागे हटू नका. पासपोर्ट आला, मामांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हार घातलेला फोटोही टाकून झाला. मधे फक्त एक परीक्षा उरली आहे: आयईएलटीएस, म्हणजे परदेशी शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. वाचन आणि लेखन कसंबसं निभावतं, बोलताना परीक्षकाकडे बघून हसता तरी येतं. अडतं ते ऐकण्यात आणि व्याकरणात. या दोन्हींच्या तयारीची आपल्या खानदेशात एक रुळलेली पद्धत आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे सारखीच. इंग्रजी डोळ्यांनी बघायची, वहीत उतरवायची, पाठ करायची, पण कानात जाऊ द्यायची नाही.

पाया शाळेनेच घालून दिलेला आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात, म्हणजे बारावीपर्यंत तुमची 12 वर्षं झाली. या 12 वर्षांत सरांनी धडा इंग्रजीत वाचला, मराठीत समजावला आणि कुणाच्या चेहऱ्यावर शंका दिसली तर अहिराणीत फोड करून सांगितला. प्रश्नांची उत्तरं फळ्यावर आली, फळ्यावरून वहीत आणि वहीतून पेपरात. इंग्रजीचं एक अख्खं वाक्य रोज कानावर पडलं असेल तर ते 'मे आय कम इन सर', आणि तेही तुमच्याच तोंडचं. एवढ्या भक्कम पायावर आता फक्त क्लास लावायचा आहे.

क्लास निवडताना आत कोण शिकवतं हे विचारत बसू नका, बाहेरचा फ्लेक्स बघा. त्यावर विमान हवं, लंडनचं घड्याळ हवं, आणि 8 बँड (या परीक्षेचे गुण, 9 पैकी) मिळवलेली ओळीने उभी असलेली मुलं हवीत. आत गेल्यावर पहिल्या दिवशी तुम्हाला 12 काळांचा तक्ता मिळेल. तो लॅमिनेट करून घ्या आणि पलंगासमोर लावा. आयईएलटीएसमध्ये व्याकरणाचा वेगळा पेपरच नसतो, हे एखाद्या आगाऊ पोराने काढलं तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. लेखन आणि बोलणं तपासताना चार निकष लावतात, त्यातला एक व्याकरणाचा, म्हणजे पाव हिस्सा. तिथे तुम्ही स्वतः बनवलेली वाक्यं बघितली जातात. पण वाक्यं बनवायची म्हटलं की चुका होतात, आणि चुका झाल्या की वाईट दिसतं. त्यापेक्षा तक्ता बरा. फ्युचर परफेक्ट कंटिन्युअसचं सूत्र झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. मग परीक्षकाने विचारलं की जळगावात किती वर्षं राहता, तर खुशाल म्हणा, 'आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स ट्वेंटी इयर्स.' सूत्र पाठ होतं, एवढं समाधान कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

'अ', 'ॲन', 'द' यांची तर अजिबात फिकीर करू नका. मराठीचं त्यांच्यावाचून कधी काही अडलं नाही. जिथे मोकळी जागा दिसेल तिथे 'द' टाकावा, फार झाले असं वाटलं तर दोन-चार काढून घ्यावेत.

आता ऐकण्याची परीक्षा. चार भाग, 40 प्रश्न, साधारण 30 मिनिटांचं रेकॉर्डिंग, आणि ते एकदाच वाजतं. घरी सराव करताना हे 'एकदाच' फार मनाला लावून घेऊ नका. प्रत्येक ऑडिओ तीनदा लावा, तिसऱ्या वेळी थांबवत थांबवत, शेजारी उत्तरांचं पान उघडं ठेवून. 40 पैकी 38 येतील. तिकडे 23 बरोबर आले तर 6 बँड आणि 30 आले तर 7, असा साधारण हिशेब असतो. तुम्ही तर घरबसल्या साडेआठला पोहोचलात. हा आकडा आईला सांगा. आई तो शेजारी सांगेल. परीक्षेच्या दिवशी तुमच्यावर योग्य तेवढं दडपण यायला एवढं पुरतं.

पहिला भाग सोपा म्हणतात. दोन माणसं बोलतात, एकाला खोली भाड्याने हवी असते किंवा कुठल्या शिबिराला नाव नोंदवायचं असतं. फोन नंबर येतो तेव्हा साहेब 'फोर फोर' न म्हणता 'डबल फोर' म्हणतो आणि शून्याला 'ओ' म्हणतो. तुम्ही निर्धास्तपणे इंग्रजी ओ लिहा. नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर करून सांगतात. त्यात 'ए', 'ई' आणि 'आय' यांची अदलाबदल करण्याचा हक्क आपण पहिलीपासून बजावत आलो आहोत, तो इथे सोडू नये. मग वार येतो. बाई म्हणते, 'ट्यूसडे.' लगेच लिहून टाका आणि पेन्सिल खाली ठेवा. पुढे ती 'नो, सॉरी, थर्सडे' असं काहीतरी पुटपुटते, तिकडे लक्ष द्यायचं कारण नाही. आपल्याकडे माणूस एकदा शब्द दिला की फिरवत नाही, तिकडची माणसं दर दोन वाक्यांनी फिरवतात आणि नेमका त्यावरच प्रश्न असतो, हा त्यांच्या संस्कारांचा भाग झाला. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतही असंच. तेरामध्ये जोर शेवटावर पडतो, तीसमध्ये सुरुवातीला. केळीच्या गाडीचा हिशेब ऐकताना तुमच्या वडिलांनी असली गल्लत उभ्या जन्मात केली नसेल. पण ते धंद्याचं बोलणं. अभ्यासात कान कशाला टवकारायचे?

उत्तर किती शब्दांत हवं ते वर लिहिलेलं असतं. 'एका शब्दापेक्षा जास्त नको' म्हटलं आणि तुम्ही दोन लिहिले, तर दोन्ही बरोबर असले तरी गुण शून्य. हा कद्रूपणा आपल्याला मानवत नाही. पंगतीत पुरणपोळी मोजून वाढत नाहीत, तसं उत्तरही सढळ हाताने लिहावं. अनेकवचनाचा शेवटचा 'स' राहिला तरी गुण जातो, तर राहू द्या. स्पेलिंग चुकलं तरी जातो. चुकीच्या उत्तराचे गुण मात्र कापत नाहीत, म्हणून काहीच सुचलं नाही तरी जागा रिकामी सोडू नये असं जाणते सांगतात. तुम्ही सोडा. कोऱ्या जागेत एक प्रामाणिकपणा असतो.

दुसऱ्या भागात नकाशा असतो, तिसऱ्यात विद्यार्थी आणि त्यांचे सर प्रकल्पावर वाद घालतात, चौथ्यात एकच माणूस मधे न थांबता व्याख्यान देतो. इथे युक्ती एकच: एक प्रश्न निसटला की त्याच्यामागे धावा. तो सापडेपर्यंत पुढचे तीन निघून गेलेले असतात आणि आता निवांत विचार करता येतो.

आता एक धोक्याची सूचना. हा धोका खास खानदेशी आहे, पुण्या-मुंबईच्या मुलांना त्याची कल्पना नाही. तुमचा कान मुळात फार चांगला आहे. घरात आजी विचारते, 'कथा जाई ऱ्हायना रे भाऊ?' शेजारच्या काकू लेवा बोलीत बोलतात, शाळेत प्रमाण मराठी, दुकानात हिंदी. शहाद्याकडे गेलात तर एकाच बाजारात गुजर, भिल्ल आणि पावरा माणसं आपापल्या बोलीत भाव करतात आणि सौदा होतो. कुणी डोळ्याला 'डोया' म्हणालं, कुणी काळ्याला 'काया', तर तुम्ही क्षणभरही अडखळत नाही. 'य'च्या जागी 'ळ' कधी बसवला हे तुमचं तुम्हालाही कळत नाही. ऑस्ट्रेलियाचा माणूस 'टुडे'चा जवळजवळ 'टुडाय' करतो, तेव्हा कानाला करावं लागतं ते नेमकं हेच काम. आणि भुसावळ जंक्शनवर मालगाडी धडधडत असताना, तीन भाषांतल्या घोषणा एकावर एक चढत असताना, तुमच्या गाडीचा प्लॅटफॉर्म बदलला एवढी एक गोष्ट तुम्ही बरोबर उचलता. 'ट्यूसडे नव्हे थर्सडे' याहून हे कितीतरी अवघड आहे.

तर या कानाला परीक्षेपासून लांब ठेवा. तो अडाणी आहे असं स्वतःला पटवत राहा. क्लासमध्ये बोलण्यात अहिराणीचा हेल आला की पोरं हसतात, सरही हसतात. तुम्हीही हसा आणि दुसऱ्या दिवसापासून 'शुद्ध' बोलायला लागा. (सरांच्या स्वतःच्या इंग्रजीत तोच हेल आहे, हे त्यांना सांगू नये. हेलाने काही बिघडत नाही, जगातल्या प्रत्येक इंग्रजीत कुणाचा तरी हेल असतोच, पण हे कळायला आधी दोन-चार इंग्रज्या ऐकाव्या लागतात.) चार बोली ऐकत वाढलेल्या पोराला 'तुझा लिसनिंग वीक आहे' म्हणून सांगणं आणि त्याचे पैसे घेणं, याला जी हिंमत लागते तिचं मात्र कौतुक केलं पाहिजे.

साधनसामग्रीत हयगय नको. जळगावच्या गोलाणी मार्केटला जाऊन चांगल्यातला हेडफोन घ्या. मे महिन्यात पारा 45च्या आसपास असताना कूलरच्या थेट तोंडाशी बसून तो लावा, म्हणजे इंग्रजीही गार होऊन येते आणि फारशी ऐकूही येत नाही. इंग्रजी मालिका बघाव्यात, पण खाली अक्षरं चालू ठेवून. वाचता येत असताना ऐकायचे कष्ट का घ्या? मोबाईलवर तासन्‌तास फुकट इंग्रजी बातम्या आणि मुलाखती मिळतात. तो डेटा '5 मिनिटांत 8 बँड' अशा रीळांवर खर्च करावा, त्या मराठीत असतात.

काही मुलांना एक वाईट सवय लागलेली पाहिली आहे, तिच्यापासून सांभाळा. ती दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घेतात, ऐकू येईल तसं शब्द न् शब्द लिहितात आणि मग छापील मजकुराशी ताडून बघतात. याने माणूस पार कानकोंडा होतो. कळतं की 'वॉक्ड'मधला शेवटचा 'ट' आपण ऐकलाच नव्हता, म्हणून भूतकाळाचा वर्तमानकाळ झाला. 'कान्ट'चं अमेरिकन 'कॅन्ट' पुढच्या शब्दात विरघळलं आणि नकाराचा होकार झाला. रिकाम्या जागेच्या आधी 'अ' होता, म्हणजे पुढे एकवचनी नाम येणार हे आधीच ओळखता आलं असतं. थोडक्यात, सहा महिने पलंगासमोर टांगलेलं सगळं व्याकरण त्या दोन मिनिटांत कानावरून गेलेलं असतं. असं रोज पंधरा-वीस मिनिटं केलं तर तक्ता उतरवावा लागेल, आणि लॅमिनेशनचे पैसे वाया जातील.

परीक्षेचं केंद्र नाशिक-पुण्याकडे मिळालं तर रात्रीच्या गाडीने जा, बसूनच जा, म्हणजे सकाळी कान सुन्न असतात. सोबत कळण्याची भाकरी आणि ठेचा घेतलेला बरा. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवून घ्यायला शेवटी 10 मिनिटं मिळतात. संगणकावर नुसती तपासायला 2 मिनिटं. तुम्ही संगणकावरची परीक्षा निवडा आणि त्या 10 मिनिटांच्या भरवशावर राहा.

निकालात लिसनिंगला साडेपाच दिसले की घाबरून जायचं नाही. 'बोलणारा ऑस्ट्रेलियाचा होता' एवढं एक वाक्य तयार ठेवा. ते जळगावपासून अक्कलकुव्यापर्यंत चालतं, कारण ऐकणाऱ्याला तो कसा बोलतो ते माहीत नसतं. क्लासवाल्या सरांना भेटा. तेही हेच म्हणतील आणि रिपीटर बॅचच्या फीत थोडी सूट देतील. परीक्षेची स्वतःची फी 15 हजारांच्या वर आहे, त्यात सूट नाही, पण एकदा परदेशी जायचं ठरवल्यावर असले हिशेब वडिलांनी करायचे असतात. निकालाची मुदत 2 वर्षं असते, म्हणजे साडेपाच निवांत जपून ठेवता येतात. नवा फॉर्म भराल तेव्हा नाव पासपोर्टप्रमाणेच भरा. अख्ख्या तयारीतलं तेवढं एक स्पेलिंग आपल्याकडे घरातले सगळे मिळून तपासतात, एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात.