लंडनची वीज एक झाली ती कशी

शहरात वीज कंपन्या जितक्या जास्त तितकी वीज स्वस्त, असं मानणाऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं लंडन बघावं. बृहन् लंडनमध्ये तेव्हा ७० वीजपुरवठादार होते. काही खासगी कंपन्या, काही नगरपालिका. व्होल्टेज २४ प्रकारची, फ्रिक्वेन्सी (प्रवाहाची दिशा सेकंदाला किती आवर्तनं घेते ते; मोजमाप हर्ट्झमध्ये) १० प्रकारची. बिऱ्हाड शेजारच्या हद्दीत हलवलं की मोटर आणि दिवे निकामी ठरायची भीती.

माझ्या मते दोष कायद्याचा. १८८२ च्या कायद्याने परवाने स्थानिक हद्दींपुरते बांधले आणि २१ वर्षांनी कंपनी विकत घ्यायचा हक्क स्थानिक संस्थेला दिला. १८८८ मध्ये ती मुदत ४२ वर्षं झाली, पण हद्दी तशाच राहिल्या. फेरांटी या इंजिनिअरने आग्नेय लंडनमधल्या डेप्टफर्डच्या केंद्रातून १०,००० व्होल्टने मध्य लंडनमध्ये वीज आणून दाखवली, तरीही!

१९२५ मध्ये दहा कंपन्यांनी मिळून ‘लंडन पॉवर कंपनी’ काढली. त्यांनी एकत्र केली फक्त निर्मिती, आणि सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती. समजा चार केंद्रं आहेत आणि प्रत्येकात ५ मेगावॅटचे चार संच (वीज बनवणारी यंत्रं). बिघाडासाठी प्रत्येकाला एक संच राखीव, म्हणजे एकूण २० मेगावॅट पडून. तीच केंद्रं जोडली तर एक-दोन संचांत भागतं. शिवाय कचेऱ्यांचा भार दिवसा, घरांचा संध्याकाळी. सगळ्यांचा कमाल भार एकाच घटकेला येत नाही. याच कंपनीने बॅटरसीचं केंद्र उभारलं. १९३३ मध्ये ते वीज देऊ लागलं आणि पुढे तिथे १०५ मेगावॅटचा संच बसला.

अवघड काम फ्रिक्वेन्सीचं. चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला सुमारे १५०० फेरे घेते, २५ वर ७५०. ५० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर त्याच व्होल्टेजला २५ वर लावला तर लोखंडी गाभ्यातला फ्लक्स (चुंबकत्व) दुप्पट होऊ पाहतो, गाभा संपृक्त होतो म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, गाभा चुंबकित करणारा प्रवाह बेसुमार वाढतो आणि वाइंडिंग (तारेची वेटोळी) जळतं. डीसीला, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला, तर ट्रान्सफॉर्मरच चालत नाही. एसी (दिशा बदलणारी वीज) आणि डीसी जोडायला मध्ये फिरता कन्व्हर्टर किंवा एसीची डीसी करणारा रेक्टिफायर बसवावा लागे. १९२६ च्या कायद्याने आलेल्या १३२ केव्ही (किलोव्होल्ट) ग्रिडने, म्हणजे वीजकेंद्रं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याने, ५० हर्ट्झ ठरवलं, तेव्हा कुठे दिशा मिळाली. वितरण मात्र १ एप्रिल १९४८ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत विखुरलेलंच होतं.

मुंबईच्या उपनगरात आज टाटा सोडून अदानीकडे किंवा अदानी सोडून टाटाकडे जाता येतं, तेही दारातली तार न बदलता. दोघांची वीज एकाच ५० हर्ट्झच्या ग्रिडवर आहे, म्हणूनच हे जमतं.